‘अंतर्गत बाब’ नावाची पळवाट

मार्च २०१९ मध्ये, होळीच्या सुमारास, पाकिस्तानच्या सिंध प्रांतात दोन हिंदू मुलींना पळवून नेऊन त्यांचे धर्मांतर केल्याची तक्रार पुढे आली. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायुक्तांकडून अहवाल मागवला आणि तसे ट्विटरवर सांगून टाकले. पाकिस्तानचे माहितीमंत्री फवाद चौधरी यांचे उत्तर लगोलग आले: हा पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न आहे, तुम्ही तुमच्याकडच्या अल्पसंख्याकांचे बघा. स्वराज यांनीही सोडले नाही. मी नुसता अहवाल मागवला, तेवढ्याने तुम्ही अस्वस्थ झालात, म्हणजे मन खात असणार, असे त्यांनी सुनावले. आपल्याकडे त्याला टाळ्या पडल्या, आणि पडायलाच हव्या होत्या. पण तीनच महिन्यांनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा धार्मिक स्वातंत्र्यावरचा वार्षिक अहवाल आला. त्यात भारतावर टीका होती. त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने म्हटले की, आमच्या नागरिकांच्या घटनादत्त हक्कांबद्दल बोलण्याचा कोणत्याही परक्या सरकारला अधिकारच पोचत नाही. भाषा चौधरींपेक्षा सभ्य होती, वकिली थाटाची होती. मुद्दा तोच होता.

या दोन्ही उत्तरांमागचा युक्तिवाद हल्ली परराष्ट्रनीतीतले शहाणपण म्हणून खपतो. प्रत्येक देशाला स्वतःची घटना आहे, न्यायालये आहेत. बाहेरच्याने नाक खुपसायचे कारण नाही. बाहेरचा बोलतो तेव्हा त्याला पीडितांचे काही पडलेले नसते, त्याचा डाव निराळाच असतो. अमेरिकेच्या याद्याच बघा. शिवाय बाहेरून ओरडा झाला की तिथल्या अल्पसंख्याकांवरच बालंट येते, त्यांना परक्यांचे हस्तक ठरवले जाते. तेव्हा ज्याचे त्याने बघावे. यातली निम्मी वाक्ये खरी आहेत, हे आधीच मान्य. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. सरकारे दुसऱ्या देशातल्या धार्मिक छळावर बोलतात यात काही वावगे नाही. ती सोयीपुरती बोलतात, हे वावगे आहे. आणि ‘अंतर्गत बाब’ म्हणून गप्प बसणे हा त्याच सोयीचा दुसरा अवतार आहे. एखाद्या सरकारच्या निषेधाचे मोल करायचे तर दोन गोष्टी पाहाव्यात: बोलताना त्याने स्वतःचे काही पणाला लावले का, आणि छळ सोसणारी माणसे आपल्या धर्माची नसतानाही ते बोलले का.

‘अंतर्गत बाब’ या भिंतीला संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर पहिले मोठे भगदाड पाडले ते भारताने. साल १९४६. आपण अजून स्वतंत्रही झालो नव्हतो. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि राहण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला; लोक त्याला ‘घेट्टो कायदा’ म्हणत. भारताने तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच आमसभेत नेला. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या, पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून मुंबईत आल्या त्याच. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. सनदेच्या उद्देशिकेचा मसुदा लिहिण्यात ज्यांचा मोठा वाटा, मानवी हक्कांची भाषा ज्यांनी तिथे घातली, तेच स्मट्स आता सनदेचे कलम २, उपकलम ७ दाखवत होते: देशाच्या अंतर्गत अधिकारातल्या गोष्टीत संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करू नये. भारताचे म्हणणे असे की, ज्या सनदेवर तुम्ही सही केली तिच्यात मानवी हक्कांचे वचन आहे, आणि दिलेले वचन ही खासगी बाब राहत नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. दोन-तृतीयांश बहुमत हवे होते. बाजूने ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. एक मत जरी पलीकडे गेले असते तरी ठराव पडला असता. आणि हे केवळ भाषण नव्हते. त्याच वर्षी जुलैत भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. भारताच्या निर्यातीतला सुमारे ५ टक्के वाटा त्या देशाचा होता. फाळणीच्या उंबरठ्यावरच्या, धान्यटंचाईने गांजलेल्या देशाने तो सोडून दिला.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, ती आपली माणसे होती. बिहारमधून, मद्रास इलाख्यातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांची लेकरे. परक्यांसाठी आपण कुठे भांडलो? भांडलो. १९५२ मध्ये भारतासह १३ आशियाई-आफ्रिकी देशांनी संपूर्ण वर्णद्वेषी धोरणाचाच प्रश्न आमसभेपुढे आणला. त्यात सर्वांत जास्त भरडली जाणारी माणसे कृष्णवर्णीय आफ्रिकी होती, ज्यांच्याशी आपले ना रक्ताचे नाते ना धर्माचे. दुसरा आक्षेप असा की, वंशभेद वेगळा आणि धर्म वेगळा. धर्माच्या प्रश्नात श्रद्धा, रूढी, इतिहास असा गुंता असतो, तिथे बाहेरच्याला काय कळणार? पण सनदेचे पहिलेच कलम हा फरक करत नाही. वंश, लिंग, भाषा आणि धर्म ही चारही नावे त्यात एकाच ओळीत, एकाच दमात येतात. जोहान्सबर्गमधल्या माणसाच्या कातडीबद्दल बोलायला आपल्याला परवानगी लागली नाही, तर काशगरमधल्या माणसाच्या नमाजाबद्दल किंवा ल्हासामधल्या भिक्षूच्या दीक्षेबद्दल बोलायला ती कशी काय लागते, हे कुणीतरी समजावून सांगावे.

आता अमेरिकेच्या यादीकडे येऊ, कारण ‘सगळे ढोंग आहे’ म्हणणाऱ्यांचा तो हुकमाचा पत्ता आहे. तो खोटा नाही. १९९८ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने आंतरराष्ट्रीय धार्मिक स्वातंत्र्य कायदा झाला. दरवर्षी जगभराचा अहवाल, एक स्वतंत्र आयोग, आणि ज्या देशांत छळ फारच गंभीर आहे त्यांची ‘विशेष चिंतेचे देश’ अशी यादी. यादीत नाव आले की राष्ट्राध्यक्षाने काही ना काही कारवाई करायची. पण त्याच कायद्यात राष्ट्रहिताच्या नावाखाली ती माफ करायची सोयही ठेवली आहे. सौदी अरेबिया २००४ मध्ये यादीत आला. २००६ पासून त्याला माफी मिळत गेली. पाकिस्तान २०१८ मध्ये आला तो माफी घेऊनच. व्हिएतनामचे नाव नोव्हेंबर २००६ मध्ये खोडले गेले. काही दिवसांत बुश हनोईत उतरले. चीन तर १९९९ पासून यादीत आहे, आणि त्याच्यावरची ‘कारवाई’ म्हणजे पोलिसी सामग्रीच्या निर्यातीवरची बंदी, जी तियानआनमेनच्या हत्याकांडानंतर आधीच लागू होती. जुन्याच पावतीवर नवा शिक्का. आणि आपल्याशी थेट संबंध असलेला किस्सा: याच कायद्याने व्हिसाच्या नियमांत घातलेल्या कलमाखाली मार्च २००५ मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना २००२ च्या गुजरात दंगलींवरून व्हिसा नाकारला गेला. त्या कलमाचा फटका बसल्याचे जाहीर झालेले ते जगातले एकमेव नाव. २०१४ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि दार उघडले. मोदींचे समर्थक आणि विरोधक दोघेही हा किस्सा आपापल्या सोयीने सांगतात, पण तो खरा तर अमेरिकेच्या विरोधात जातो. आरोप खरा मानून दार बंद केले असेल, तर निवडणूक जिंकल्याने त्या आरोपात काय बदलले? आणि आरोप सिद्ध होण्यासारखा नसेल (विशेष तपास पथकाने २०१२ मध्ये खटला भरण्याजोगा पुरावा नसल्याचे म्हटले, सर्वोच्च न्यायालयाने ते २०२२ मध्ये उचलून धरले), तर नऊ वर्षे दार बंद कशासाठी?

मग यादी फाडून टाकावी का? इथेच ‘सगळे ढोंग’वाल्यांचे गणित चुकते. तराजू खोटा निघाला म्हणून वजन करणेच कुणी सोडत नाही. खरा तराजू मागतो. त्याच अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये दुसरा एक कायदा केला. चीनच्या शिनजियांगमध्ये तयार झालेला माल, किंवा तिथले काहीही ज्यात वापरले आहे असा माल, वेठबिगारीतून आला असे धरून चालायचे. तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आयात करणाऱ्यावर. जून २०२२ पासून तो लागू झाला. कापूस, टोमॅटो, सौरपट्ट्यांत लागणारे पॉलिसिलिकॉन, यांच्या खेपा बंदरांत अडकू लागल्या. त्याची झळ अमेरिकी सौरऊर्जा कंपन्यांना बसली, ग्राहकांना बसली. या कायद्यामागे चीनशी व्यापारस्पर्धेचा हेतू अजिबात नव्हता असे कोण म्हणेल? असेना. हेतू शुद्ध असावा ही अट संतांना लावावी. सरकारांच्या बाबतीत गल्ल्यातून काय गेले ते मोजलेले बरे. वीस वर्षांच्या यादीने चीनचे एक पोते अडवले नव्हते. या कायद्याने कंटेनर अडवले.

निवडक संतापाचा सर्वांत ठसठशीत नमुना मात्र पश्चिमेचा नाही. ५ जून २०२२. सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्यांनी दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत प्रेषित महंमदांबद्दल केलेल्या उद्गारांवरून कतारने भारताच्या राजदूतांना बोलावून जाब विचारला. त्याच वेळी आपले उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू दोह्यात पाहुणे होते. कुवेत आणि इराणनेही त्याच दिवशी तसेच केले. पक्षाने प्रवक्त्यांना त्याच दिवशी निलंबित केले. राजदूतांनी ही क्षुल्लक मंडळींची मते असल्याचा खुलासा केला. ‘अंतर्गत बाब’ हे शब्द त्या दिवशी कुणाला आठवले नाहीत. आखातात आपली लाखो माणसे पोट भरतात, तेल आणि गॅस तिकडून येतो. तेव्हा का आठवले नाहीत ते उघड आहे. पुढे चारच महिने. ६ ऑक्टोबर २०२२, जिनिव्हा, मानवी हक्क परिषद. शिनजियांगमध्ये उइघुर मुसलमानांवर जे चालले आहे ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकते, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्टअखेर अहवालात म्हटले होते. त्या अहवालावर चर्चा ठेवावी का, एवढाच ठराव होता. कतारने चर्चेच्या विरोधात मत दिले. पाकिस्तानने, इंडोनेशियाने, संयुक्त अरब अमिरातीनेही. एका प्रवक्तीच्या वाक्याने ज्यांच्या भावना दुखावल्या, त्यांना छावण्यांत कोंबलेल्या माणसांबद्दल बोलणेही नको होते. इस्लामी सहकार्य संघटनेने तर २०१९ मध्येच चीन आपल्या मुस्लिम नागरिकांची काळजी घेतो म्हणून त्याचे कौतुक करणारा ठराव केला होता. भारताने दुखावले तर फटकारायचे आणि चीनने चिरडले तरी शाबासकी द्यायची, याला धर्मप्रेम म्हणायचे असेल तर म्हणावे.

राहिला तो आक्षेप जो मला सर्वांत गंभीर वाटतो: बाहेरून बोलल्याने पीडितांचे नुकसानच होते. सोव्हिएत संघातल्या ज्यूंचे उदाहरण यावर नेहमी दिले जाते. १९७३ मध्ये सुमारे ३५ हजार ज्यूंना देश सोडू दिला गेला. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेत जॅक्सन–व्हॅनिक दुरुस्ती लागू झाली: नागरिकांना देश सोडू देत नसाल तर व्यापारातली सवलत मिळणार नाही. मॉस्कोने व्यापार करारच झिडकारला आणि त्या वर्षी आकडा १३ हजारांवर आला. बघा, म्हणाले टीकाकार. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९७९ मध्ये तोच आकडा ५१ हजारांवर गेला, दुरुस्ती जागच्या जागी असताना. आणि अफगाणिस्तानवरच्या आक्रमणानंतर संबंध तुटले तेव्हा, १९८४ मध्ये, हजाराच्याही खाली आला. म्हणजे सोव्हिएत राज्यकर्त्यांना काही मिळण्याची आशा होती तोवर दार किलकिले होत होते. मिळण्यासारखे काही उरले नाही तेव्हा बंद झाले. यातून मौनाचे समर्थन निघत नाही. सौद्यात देण्यासारखे काही हातात नसेल तर नुसत्या ओरड्याने भागत नाही, एवढे निघते. पाकिस्तानातही तेच दिसते. ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली २०१० मध्ये फाशीची शिक्षा झालेली आसिया बीबी ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटली. पाकिस्तानी कापडाला युरोपात २०१४ पासून करसवलत आहे, आणि युरोपीय संघाच्या दूताने आसियाचा विषय तिथे काढला होता. दबावामुळेच ती सुटली म्हणणे त्या न्यायाधीशांवर अन्याय होईल. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर आणि केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी यांचे २०११ मध्ये खून पडले होते, हे ठाऊक असून त्यांनी निकाल दिला. पण ती पुढे जिवंत कॅनडाला पोचली, आणि कायदा होता तिथेच राहिला. युरोपाची सवलतही राहिली.

आपल्या माणसांपुरते बोलण्याचा मोह सर्वांना असतो, आपल्याला जरा जास्त. त्याचा धोका १९५० मध्येच लक्षात आला होता. पूर्व बंगालमधून हिंदूंचे आणि पश्चिम बंगालमधून मुसलमानांचे लोंढे सुरू झाले तेव्हा ८ एप्रिलला दिल्लीत नेहरू–लियाकत करार झाला. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी यांनी मंत्रिमंडळातून राजीनामे दिले, आणि पुढच्या इतिहासाने त्यांची शंका बरीचशी खरी ठरवली: पाकिस्तानने करार पाळला नाही. तरी त्यातले एक तत्त्व आजही विसरण्यासारखे नाही. अल्पसंख्याकांनी दाद मागायची ती स्वतःच्या सरकारकडे, आणि त्या सरकारने कबूल केलेल्या वचनाला शेजारी साक्षी. तिथल्या हिंदूंचा इथला धनी आणि इथल्या मुसलमानांचा तिथला धनी अशी वाटणी झाली की दोन्हीकडची माणसे ओलीस बनतात. नागरिकत्व सुधारणा कायदा, २०१९, या वाटणीच्या फार जवळ जातो. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या छळग्रस्तांना आसरा देणे चांगलेच. कायद्यात नमूद केलेल्या सहा बिगरमुस्लिम धर्मांच्या माणसांना तो मिळायलाच हवा. पण अहमदींचे काय? सरकार म्हणते, मुस्लिम देशात मुसलमान हा धार्मिक अल्पसंख्याक कसा असेल? पाकिस्तानच्या घटनेनेच १९७४ मध्ये अहमदींना मुस्लिमेतर ठरवले आहे. १९८४ च्या अध्यादेशाने त्यांना स्वतःला मुसलमान म्हणवणे, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणे हाही गुन्हा केला. त्यांचे मूळ गाव कादियान आपल्या पंजाबात आहे. छळ हाच निकष असेल तर या माणसांइतका अर्ज पक्का कुणाचा?

दुसऱ्याकडे बोट दाखवायचे तर आपले दार उघडे ठेवावे लागते, आणि ते आपण एकदा ठेवले होते, हे फारसे कुणाला आठवत नाही. मार्च २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या धर्मस्वातंत्र्यविषयक विशेष प्रतिवेदक भारतात आल्या, आपल्या सरकारच्या निमंत्रणावरून. त्या होत्या लाहोरच्या वकील अस्मा जहांगीर. एक पाकिस्तानी नागरिक भारताच्या धर्मस्वातंत्र्याची तपासणी करायला! त्या गुजरातेत गेल्या, ओडिशात गेल्या, काश्मीरमध्ये गेल्या. मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांनाही भेटल्या. त्या भेटीचा फोटो पुढे पाकिस्तानातल्या त्यांच्या विरोधकांनी त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षे वापरला. त्यांनी अहवालात धर्मांतरबंदीच्या कायद्यांवर टीका केली, अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधू नयेत असेही सुचवले. भारताच्या सार्वभौमत्वाला ओरखडाही उठला नाही. त्यानंतर अमेरिकेच्या धर्मस्वातंत्र्य आयोगाच्या सदस्यांना आपण व्हिसा नाकारले. जुलै २०२३ मध्ये युरोपीय संसदेने मणिपूरवर ठराव केला तेव्हा ती वसाहतवादी मनोवृत्ती ठरली. आणि २०२४ च्या अखेरीस बांगलादेशातल्या हिंदूंच्या सुरक्षिततेबद्दल आपण निवेदन काढले, ढाक्याला परराष्ट्र सचिव पाठवले, तेव्हा ढाक्यानेही हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे असेच ऐकवले. आपले निवेदन योग्यच होते. ढाक्याचे उत्तर आपल्याच वहीतून उतरवलेले होते.

ऑक्टोबर २०२२ च्या त्या मतदानात भारताने काय केले, हे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला की, एका देशाला लक्ष्य करणारे ठराव उपयोगाचे नसतात ही आपली जुनी भूमिका आहे. शिनजियांगच्या लोकांच्या हक्कांचा आदर झाला पाहिजे, असेही त्यात जोडले होते. जुनी भूमिका? १९४६ चा ठराव एका देशाविरुद्ध होता आणि तो प्रश्न आपणच आणला होता. २०१२ आणि २०१३ मध्ये याच मानवी हक्क परिषदेत श्रीलंकेविरुद्धच्या ठरावांना आपण बाजूने मत दिले. तिबेटच्या बाबतीत १९५९ मध्ये, दलाई लामा आपल्या आश्रयाला आलेले असतानाही, आपण तटस्थ राहिलो. चीनशी युद्ध झाल्यावर १९६५ मध्ये मात्र आमसभेतल्या ठरावाला पाठिंबा दिला, आणि भारताची बाजू मांडायला उभे होते ते आपल्या महाराष्ट्राचे रफिक झकेरिया. म्हणजे भूमिका दर वेळी होती; तिचे तत्त्व काय होते ते शोधावे लागते. शिनजियांगवर नुसती चर्चा ठेवावी, या ठरावाच्या बाजूने १७ मते पडली, विरुद्ध १९, आणि ११ देश तटस्थ राहिले. तटस्थांतले तिघे बाजूने गेले असते तर ती चर्चा झाली असती. त्या अकरांत भारत होता.